अकरा महिन्यांच्या करारावरचे वादळ

बंगळूरच्या पूर्व टोकाला असलेले व्हाइटफील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले असून, तेथून चेन्नईच्या दिशेने निघाले काय किंवा मंगळूरच्या दिशेने निघाले काय, खाऱ्या पाण्यात पाय बुडवण्यापूर्वी मोटारीने 300 किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. असे असूनही या उपनगरातील दिवाणखान्यांत, दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहांत, बहुमजली संकुलांच्या प्रवेशदालनांत आणि कंपन्यांच्या सभाकक्षांत जे चित्र पुन्हा पुन्हा भेटते, ते खवळलेल्या समुद्रात सापडलेल्या शिडाच्या जहाजाचे असते. ते तेथे का असते, याचे उत्तर सोपे आहे: ते मोठे असते, परवडते आणि सोफ्यामागची रिकामी भिंत झाकते. ते तेथे कसे राहते, हा मात्र स्वतंत्र अभ्यासाचा विषय होय. कारण व्हाइटफील्डमधील बिऱ्हाड सहसा अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर थाटलेले असते (एक वर्षाहून अधिक मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची असल्याने सुरक्षित अंतर राखून एक महिना छाटून टाकण्याची ही पद्धत देशभर रूढ आहे), आणि करार संपला की वादळाला भिंतीवरून उतरवून, जुन्या चादरीत गुंडाळून, टेम्पोतून पुढच्या इमारतीत न्यावे लागते, जेथे त्याची दिशा नव्याने तपासली जाते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे एक नमुना-कुटुंब कल्पिले आहे. पती व पत्नी दोघेही माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरीला असून मूळचे साताऱ्याकडचे आहेत, म्हणजे ज्यांच्या मागील सात पिढ्यांनी वाहत्या पाण्यात पाय घातला असेल तर तो कृष्णेच्या घाटावर, गुडघ्यापर्यंत आणि तोही पर्वणीलाच. अशा कुटुंबाला वादळी समुद्राची विशेष ओढ वाटते, कारण समुद्राची ओढ ही समुद्रापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढत जाते, हे या अभ्यासक्षेत्रातील पहिले तत्त्व मानावे लागेल. चित्रांच्या दुकानात विक्रेत्याने त्यांच्यापुढे प्रथम रशियन चित्रकार इव्हान आयवाझोव्स्की यांच्या 1850 सालच्या ‘नववी लाट’ या चित्राची प्रत मांडली (वादळात एकामागून एक येणाऱ्या लाटांपैकी नववी सर्वांत घातक, अशी खलाशांची जुनी समजूत आहे). पत्नीने चित्र बराच वेळ न्याहाळले.

“यात जहाज कुठे आहे?”

“ते बुडालं, मॅडम. ही माणसं तरंगताहेत ती त्याच्या तुटलेल्या डोलकाठीवर.”

“मग त्याच्या आधीचं दाखवा.”

विक्रेत्याने आधीचे दाखवले. ते सतराव्या शतकातील डच धाटणीचे, तीन डोलकाठ्यांचे (डोलकाठी म्हणजे शीड पेलणारा उभा खांब) आणि सगळी शिडे टरारून फुगलेले असे भव्य जहाज होते, त्याच्या डोक्यावर दुमजली लाट उभी होती आणि तिच्या कड्यावर पांढरा फेस होता. “हाताने रंगवलेलं आहे का?” असे पतीने विचारले असता “हाताने छापलेलं आहे, सर,” असे प्रामाणिक उत्तर मिळाले, आणि पाच फूट रुंदीचे ते वादळ लिफ्टमध्ये मावत नसल्याने दोन माणसांच्या खांद्यावरून जिन्याने सातव्या मजल्यावर चढले.

घरी साताऱ्याहून आलेल्या सासूबाई होत्या. वास्तुविषयक प्रचलित पुस्तिकांत महाभारताचे युद्ध, ताजमहाल (कारण ती कबर आहे) आणि बुडते जहाज ही चित्रे घरात वर्ज्य सांगितलेली असतात, तर धावणारे सात घोडे आणि भरल्या शिडाने येणारे जहाज ही समृद्धीकारक मानली जातात. वादळात सापडलेले जहाज या दोन्ही यादींच्या बरोबर मध्ये पडते, कारण ते पहिल्या यादीत जायचे की दुसऱ्या, याचा निकाल चित्र संपल्यानंतर कधीतरी लागणार असतो. सासूबाईंच्या सूचनेवरून वास्तुसल्लागारांना फोनवर छायाचित्र पाठवण्यात आले.

“हे जहाज बुडतंय की तरतंय?” सल्लागारांनी विचारले.

“चित्रावरून सांगता येत नाही.”

“मग ज्यांनी काढलं त्यांना विचारा.”

ज्यांनी काढले ते गेल्याला तीनशे वर्षे उलटली असण्याचा संभव लक्षात आणून देताच सल्लागारांनी उदारपणे जहाज तरते आहे असे गृहीत धरले आणि दुसरा, अधिक गंभीर प्रश्न उपस्थित केला: ते घरात येते आहे की घराबाहेर चालले आहे? शास्त्र असे की जहाजाची नाळ (नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे टोक) घराच्या आतील बाजूस असावी, म्हणजे जहाजातील माल घरात उतरतो; ती दाराकडे असल्यास घरातला माल जहाजात चढतो. पाहणीअंती असे आढळले की नाळ थेट मुख्य दाराकडे रोखलेली असून जहाज पूर्ण वेगाने, बहुधा चालू महिन्याचा पगार घेऊन, लिफ्टच्या दिशेने निघाले आहे. समोरच्या भिंतीवर टांगले असते तर प्रश्न सुटला असता, पण तेथे दूरदर्शन संच होता आणि तो हलवण्याइतकी श्रद्धा घरात कोणाचीच नव्हती. अखेर दुकानदाराने आरशातल्यासारखी उलटी प्रत छापून दिली. तीत जहाज वळले आणि घरात शिरू लागले, मात्र सुकाणूवरचा खलाशी डावखुरा झाला आणि कोपऱ्यातील चित्रकाराची सही अशा लिपीत उमटली की पुढे एका पाहुण्याने ती अरबी ठरवून त्यावरून चित्राचे मूळ ओमानपर्यंत नेले.

अकरा महिन्यांनंतरच्या नव्या घरात दार उजव्या बाजूला निघाले, हे येथे केवळ नोंदीसाठी सांगावयाचे. वळवून घेतलेले जहाज त्यामुळे पुन्हा बाहेरच्या वाटेला लागले. मूळ प्रत सासूबाईंच्या आग्रहाने एका सहकाऱ्याला गृहप्रवेशाची भेट म्हणून देऊन झाली होती (देण्याआधी त्याचे दार कोणत्या बाजूला आहे याची चौकशी झाली नव्हती) आणि आता ती परत मागणे शिष्टाचाराला धरून नव्हते. शेवटी चित्र आडव्या भिंतीवर न्यावे असे ठरले. तेथे जहाज ना येते ना जाते, ते युटिलिटीकडे, म्हणजे बंगळूरच्या घरांत धुणी-भांड्यांसाठी ठेवलेल्या छोट्या गच्चीकडे, जाऊ लागते आणि समृद्धी वॉशिंग मशीनपाशी उतरते, ज्याला सल्लागारांनी विशेष शुल्क न आकारता मान्यता दिली. वास्तुदृष्ट्या सर्वस्वी निर्दोष असे वादळचित्र जगात बहुधा एकच असावे: रेम्ब्रांटने 1633 मध्ये रंगवलेले गॅलिलीच्या समुद्रातील वादळ, जे बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयातून 18 मार्च 1990 रोजी पोलिसांच्या वेशात आलेल्या चोरांनी पळवले आणि ज्याची रिकामी चौकट तेव्हापासून त्याच जागी टांगलेली आहे. त्यातले जहाज ना बुडते, ना बाहेर जाते. तसे ते एकदा गेलेच म्हणा.

चित्र टांगण्याचा विधी यापेक्षा कमी तात्त्विक असला तरी कमी गुंतागुंतीचा नाही. पहिल्या घरात ॲपवरून बोलावलेल्या सुताराने भोके पाडली, चित्र अडकवले, दोन पावले मागे सरकून मान तिरकी केली आणि “सार, हडगु सोट्ट इदे,” म्हणजे जहाज वाकडे आहे, असा निर्णय दिला. वादळातले जहाज वाकडेच असते, हे त्याला सांगण्याइतके कन्नड पतीला येत नव्हते, आणि सुताराने कर्तव्यबुद्धीने तिन्ही डोलकाठ्या ओळंब्यात येईपर्यंत चौकट फिरवली, त्यामुळे जहाज सरळ झाले आणि समुद्र स्वयंपाकघराकडे उतरला. मग क्षितिज आधार मानावे असे पत्नीने सुचवले, परंतु क्षितिजाच्या जागी चित्रकाराने लाट ठेवलेली होती. चौकटीची कड आधार मानावी तर छताची कड तिच्याशी जुळेना, कारण बांधकाम व्यावसायिकाने छत टाकताना स्वतःची काही मते अमलात आणलेली होती. मोबाइलमधील पातळी दाखवणारे ॲप उघडले, तर त्याने भिंत, छत आणि फरशी या तिघांनाही दोषी ठरवले. वादळी जहाजाचे चित्र सरळ लागले आहे की नाही हे निश्चित करणारे साधन मानवाने अद्याप शोधलेले नाही, या निष्कर्षाप्रत सर्वजण संध्याकाळी सातच्या सुमारास पोहोचले आणि सुताराने “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि” हे बंगळूरचे सर्वोच्च तत्त्वज्ञान सांगून पैसे घेतले.

दुसऱ्या घराच्या मालकांनी भिंतीला खिळा मारण्यास मनाई केली. बंगळूरमध्ये घरभाड्यापोटी आगाऊ घेतली जाणारी अनामत पूर्वापार दहा महिन्यांच्या भाड्याइतकी असे, आणि घर सोडताना तीतून रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची चाल आहे. खिळ्याच्या भोकांचा हिशेब त्यावर वेगळा. मालक मोठे सौजन्याने बोलत. “खिळा नको. बाकी घर तुमचंच समजा.” त्यामुळे चित्र आडव्या भिंतीलाच, पण फरशीवर टेकवून ठेवण्यात आले, आणि त्याचा उल्लेख पाहुण्यांपुढे ‘युरोपीय मांडणी’ असा होऊ लागला. हे घर तळमजल्यावर होते. पुढे छोटी बाग मिळते म्हणून त्याचे भाडे अधिक होते. ही दोन्ही विधाने वाचकाने ध्यानात ठेवावीत.

सप्टेंबर 2022 च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरच्या पूर्व भागात असा पाऊस झाला की तलाव भरून वाहिले, जुन्या नाल्यांनी आपल्यावर बांधलेल्या वसाहतींतून आपली वाट परत मागितली, आणि आलिशान बंगल्यांच्या वस्त्यांतून माणसे रबरी होड्यांनी व ट्रॅक्टरांनी बाहेर काढावी लागली. व्हाइटफील्ड हे गाव 1882 मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या 3,900 एकर जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतकरी वसाहतीसाठी वसवण्यात आले होते. शेतीच्या त्या योजनेतला ट्रॅक्टर अशा रीतीने एकशे चाळीस वर्षांनी या परिसरात आला आणि त्यावर संगणक अभियंते लॅपटॉपच्या पिशव्या छातीशी धरून कचेरीला गेले. नमुना-कुटुंबाच्या दिवाणखान्यात पहाटे चार बोटे पाणी शिरले. दुमजली लाटेखाली रोज संध्याकाळी निवांत चहा घेणाऱ्या या कुटुंबाने चार बोटे पाणी पाहून जो आक्रोश केला, तो चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

“लॅपटॉप घेतलास?”

“घेतला. पासपोर्ट?”

“घेतले. आणि चित्र?”

“त्याला पाण्याची सवय आहे. चल!”

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक वेडावाकडा, तपकिरी-हिरवट डाग राहिला आणि त्याच्या कडेने फेसाची वाळलेली नक्षी उठली. या फेसाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्लिश चित्रकार टर्नर यांनी 1842 मध्ये बंदराबाहेर हिमवादळात सापडलेल्या वाफेच्या बोटीचे चित्र प्रदर्शित केले, तेव्हा एका टीकाकाराने ते साबणाचा फेस आणि चुना यांचे मिश्रण असल्याचे म्हटले आणि टर्नर फार दुखावले. व्हाइटफील्डमध्ये हीच टीका वास्तववादाची पावती ठरली असती, कारण येथील वर्तूर तलावाचा फेस खरोखरच साबणाचा आहे: शहरातील सांडपाण्यातून आलेली धुलाईची रसायने कोडीवरून, म्हणजे तलावाचे जादा पाणी ज्या बांधावरून सांडते तेथून, कोसळताना घुसळली जातात आणि त्यांचा पांढरा ढग उठतो. 2015 च्या सुमारास हा फेस वाऱ्यासरशी रस्त्यावर येऊन दुचाकीस्वारांच्या शिरस्त्राणांवर बसू लागला आणि पुढे त्याला अडवण्यासाठी पुलाच्या कडेला उंच जाळ्या उभाराव्या लागल्या. टर्नर यांना हे पाहायला मिळाले असते तर त्यांनी टीकाकाराला वर्तूरला बोलावून घेतले असते.

तिसऱ्या घरात चित्राला खिळा लाभला आणि पाणी मात्र गेले. मार्च 2024 मध्ये कूपनलिका आटल्या, टँकरचे दर चढले, पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास 5,000 रुपये दंड जाहीर झाला आणि संकुलाच्या सूचनागटावर पाण्याच्या वेळा येऊ लागल्या. अर्धी बादली पाण्यात अंघोळ उरकलेला पती टॉवेल गुंडाळून त्या अथांग जलराशीखाली उभा राहून टँकरवाल्याशी फोनवर भांडत असे, आणि त्याचे लक्ष चित्राकडे जाताच त्याचा आवाज चढत असे, असे पत्नीचे निरीक्षण आहे.

आतापर्यंत चित्राची परीक्षा समुद्र न पाहिलेल्या माणसांनीच केली होती. ती उणीव हर्णैहून आलेल्या काकांनी भरून काढली. हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यातील मासळीच्या लिलावासाठी प्रसिद्ध असलेले बंदर असून काका तेथे बंदर खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले होते. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला, चित्राकडे पाहिले आणि कप खाली ठेवला.

“हे निघालं कधी? आषाढात?”

“चित्र आहे, काका.”

“चित्र असलं म्हणून काय झालं? नारळी पौर्णिमेआधी कोण काढतं जहाज? आणि ह्या वाऱ्यात सगळी शिडं उघडी? एकेक फाटून चिंध्या होतील. त्यात वारा शिडात मागून भरतोय आणि निशाण फडफडतंय मागं! दोन वारे आहेत काय रे तुमच्या बंगळुरात?”

काकांनी पहिल्या घोटात जे ओळखले, त्यासाठी ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट यांना 1805 पासून खपून वाऱ्याच्या जोराचे एक कोष्टकच तयार करावे लागले होते. त्यात वाऱ्याचा जोर युद्धनौकेला किती शिडे उभारता येतात यावरून ठरवलेला असून, बाराव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर एकही शीड तग धरत नाही. चित्रातील लाट पाहता वारा दहाव्या-अकराव्या पायरीवरचा होता आणि शिडे पाहता रविवारच्या सहलीची होती. पतीने बाजू सावरण्यासाठी असे सांगितले की जुने चित्रकार प्रत्यक्ष समुद्रात जाऊन चित्रे काढीत. हे काही अंशी खरे आहे. डच चित्रकार विलेम व्हान द वेल्दे (थोरले) हे आरमारी लढाया चालू असताना लहान होडीतून फिरत रेखाटने करीत. पुढे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने 1674 मध्ये वडिलांना रेखाटने करण्यासाठी वर्षाला 100 पौंड आणि त्यांच्याच नावाच्या मुलाला ती रंगवण्यासाठी आणखी 100 पौंड असे वेतन बांधून दिले. एकाने जीव धोक्यात घालून माहिती आणावी आणि दुसऱ्याने बसल्या जागी तिचे देखणे सादरीकरण करावे, पगार मात्र दोघांना सारखा, ही व्यवस्था व्हाइटफील्डमध्ये कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र समुद्रावर जाण्याच्या कथांना लाटांसारखीच चढण्याची सवय असते. फ्रेंच चित्रकार जोसेफ व्हेर्ने याने वादळ नीट पाहता यावे म्हणून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले अशी आख्यायिका होती आणि त्याचा नातू ओरास याने 1822 मध्ये त्या प्रसंगाचेच मोठे चित्र काढून तिला कौटुंबिक दुजोरा दिला. त्यानंतर वीस वर्षांनी टर्नर यांनीही, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आपण त्या हिमवादळात चार तास डोलकाठीला बांधलेले होतो असे सांगितले, ज्यावर अभ्यासकांचा फारसा विश्वास नाही. कामासाठी आपण किती हाल सोसले हे सांगताना मागच्याने सांगितलेली गोष्ट थोडी वाढवून घेण्याची पद्धत वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जांपुरती मर्यादित नाही, एवढेच यावरून दिसते.

काकांवर याचा परिणाम झाला नाही. “ज्या चित्रावरून होडी बांधता येत नाही ते चित्र कसलं?” असे ते म्हणाले. ही कसोटी अतिरेकी वाटली तरी ती पार करणारे एक चित्र महाराष्ट्रातच आहे, आणि तेही समुद्रापासून व्हाइटफील्डइतक्याच लांब. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाच्या कथेत तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले असून त्यावर रांजणांची रांग आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी पुढे भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन आणण्यासाठी समुद्रपार गेला असता चंदनवनाच्या रक्षक यक्षाने वादळ उठवले आणि भावाने धावा करताच पूर्णाने येऊन ते शमवले, अशी ती कथा. वाघूर नदीच्या घळीत बसून हे जहाज रंगवणाऱ्याने समुद्र पाहिला होता की नाही, कोण जाणे. पण भारतीय नौदलाने दुसरा कोणताही आराखडा हाताशी नसताना या चित्रावरून काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले जहाज गोव्यात बांधून घेतले आणि 21 मे 2025 रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने सेवेत दाखल केले. ते तरंगते. काकांनी हे ऐकून घेतले आणि “मग तेच लावायचं होतं,” असे म्हणून थंड झालेला चहा संपवला.

मराठी पाहुण्यांपैकी दुसरा प्रकार इतिहासप्रेमींचा. अशा एकांनी दारातूनच ओळख पटवली: “आंग्र्यांचं गुराब!” (गुराब म्हणजे पुढे निमुळते टोक असलेले दोन-तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज.) जहाजावर तांबडा, पांढरा व निळा असा आडव्या पट्ट्यांचा डच झेंडा असल्याचे पतीने नम्रपणे दाखवले. पाहुणे क्षणभरही डगमगले नाहीत. डचांनी 1724 मध्ये कान्होजींच्या विजयदुर्गावर आरमार आणले होते आणि त्यांना हात हलवत परतावे लागले होते, हे त्यांना पाठ होते.

“मग हे परत जातानाचं असणार.”

‘परत जातानाचं’ हे शब्द आतल्या खोलीत सासूबाईंच्या कानावर पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास्तुसल्लागारांना पुन्हा फोन गेला.

सध्या हे चित्र चौथ्या घरात, दाराच्या दृष्टीने तटस्थ अशा भिंतीवर, साधारणपणे सरळ टांगलेले आहे. संकुलाच्या कलामंडळाच्या अध्यक्षा नुकत्याच येऊन गेल्या. त्यांना जहाज बेतास बात वाटले, आकाश सपाट वाटले, लाटही छापील वाटली. पण खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी त्या वाकल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि तपकिरी-हिरवट कडेवरून हवेतच बोट फिरवले.

“हा कोपरा मात्र विलक्षण आहे. इथे पाणी अगदी खरं वाटतं. हे कसं साधलंय?”

“मिक्स मीडिया,” पती म्हणाला, आणि पत्नीने तातडीने बिस्किटे पुढे केली.